अहिंसा: कुणाची किती?

मागच्या अंकात दांडीयात्रेवर दोन पानं काय छापली, या महिन्यात एवढी पत्रं आणि ईमेल आलेत की संपादक म्हणाले, बाई, यावेळी तुमच्या सदरात अहिंसा हाच एक विषय घ्या आणि मोकळ्या व्हा. सगळी पत्रं घेता येणार नाहीत. ज्यात नुसत्या शिव्या होत्या (गांधींना होत्या, सावरकरांना होत्या, एकात मलाही होत्या) ती बाजूला ठेवलीत. बाकीची जमेल तशी घेते. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त गावं देतेय.

प्रश्न (लातूर, कॉलेजची विद्यार्थिनी): वादविवाद स्पर्धेत मला "काँग्रेसचे सगळे नेते अहिंसेला बांधलेले होते" या बाजूने बोलायचंय. मुद्दे द्याल का?

उत्तर: मुद्दे देते, पण तुझी बाजू लंगडी आहे हे आधीच सांगते, कारण समोरच्या टीममध्ये कुणी १९४० सालचं वाचून आलेलं असलं तर तू पाचव्या मिनिटाला अडकशील. म्हणून तेच आधी सांगते.

अहिंसा हा गांधींचा धर्म होता आणि बाकीच्या बहुतेकांचं धोरण. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, नेहरूंनी आणि मौलाना आझादांनी स्वतःच्या आठवणींत उघड उघड लिहिलंय. धोरण म्हणजे काय, तर आपल्याकडे शस्त्रं नाहीत, समोर एवढं मोठं साम्राज्य, आणि शेतकरी, बायका, विद्यार्थी, दुकानदार असे सगळे एकाच वेळी रस्त्यावर यायचे असतील तर हाच मार्ग चालतो, म्हणून हा मार्ग. उद्या परिस्थिती पालटली तर बघू. धर्म म्हणजे परिस्थिती कशीही पालटो, मी पालटणार नाही. वीस वर्षं ही दोन्ही माणसं एकाच मोर्चात खांद्याला खांदा लावून चालली, कारण समोर पोलिसाची लाठी असताना धर्मवाला आणि धोरणवाला दोघांनाही एकच करायचं असतं, हात उचलायचा नाही. फरक तेव्हा दिसतच नाही.

दिसला तो जून १९४० मध्ये. हिटलरने पॅरिस घेतलं. वर्ध्याला काँग्रेस कार्यसमितीची बैठक भरली आणि प्रश्न आला की उद्या स्वतंत्र हिंदुस्थानवर कुणी चालून आलं तर काय करायचं, सैन्य ठेवायचं की नाही? गांधी म्हणाले, तिथेही अहिंसाच. कार्यसमिती म्हणाली, एवढं आमच्याच्याने होणार नाही. आणि त्यांनी रीतसर ठराव करून गांधींना काँग्रेसच्या या कार्यक्रमाच्या जबाबदारीतून मोकळं केलं. विचार कर, ज्या माणसामुळे काँग्रेस घराघरात पोचली त्यालाच सांगितलं की तुमचा रस्ता तुम्ही चाला, आमचा आम्ही. पुढाकार राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारींचा), म्हणजे गांधींच्या व्याह्यांचाच. सरदार पटेल, ज्यांना लोक गांधींचा उजवा हात म्हणायचे, तेही राजाजींच्या बाजूला. जुलैच्या शेवटी अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक आपल्या पुण्यात झाली आणि तिथे यावर शिक्का बसला, की राष्ट्रीय सरकार देत असाल तर आम्ही युद्धात मदत करायला तयार आहोत. राजेंद्रबाबू, कृपलानी, आपले शंकरराव देव वगैरे मंडळी गांधींकडे राहिली. आणि खान अब्दुल गफार खान यांनी तर कार्यसमितीच सोडली, अहिंसा सोडणाऱ्या समितीत मी बसणार नाही म्हणून. सरहद्दीवरचा पठाण, ज्याच्याकडे घरटी बंदूक, तो शेवटपर्यंत अहिंसेला चिकटला आणि बंदूक कधी हातात न धरलेले वकील लोक म्हणाले की आम्हाला नाही जमणार! मला हा प्रसंग फार आवडतो.

पुढे काय झालं तर इंग्रजांनी ऑगस्टमध्ये जे देऊ केलं ते इतकं फुटकळ होतं की सगळेच चिडले, सप्टेंबरमध्ये मुंबईच्या बैठकीत परत गांधींकडे आले, आणि १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला, पहिले सत्याग्रही विनोबा, नंतर नेहरू. आणि १९४१ च्या डिसेंबरमध्ये बारडोलीला पुन्हा तोच वाद, पुन्हा गांधी बाजूला! जानेवारी ४२ मध्ये वर्ध्याला मात्र गांधींनीच जाहीर केलं की माझा वारस राजाजी नाही, सरदार नाही, जवाहरलाल. ज्याच्याशी याच मुद्द्यावर पटत नव्हतं तो.

तर बाळा, आयोजकांना विचारून बघ बाजू बदलून मिळते का. नाहीच मिळाली तर "बांधलेले" या शब्दावर खेळ. बांधलेले होते, पण दोर धोरणाचा होता, असं म्हण. परीक्षकांना असलं आवडतं.

प्रश्न (नाशिक): टिळक आणखी दहा वर्षं जगले असते तर त्यांनी गांधींची अहिंसा चालू दिली असती का?

उत्तर: जर-तरचे प्रश्न मी टाळते, पण यात एक पक्की गोष्ट हाताशी आहे. जानेवारी १९२० मध्ये या दोघांचा या विषयावर जाहीर वाद झालाय, आणि तोही किती सभ्य! झालं असं की अमृतसरच्या काँग्रेसनंतर गांधींनी 'यंग इंडिया'त लिहिलं की राजकारणात सगळं क्षम्य असं टिळक मानतात. टिळकांनी पुण्याहून पत्र पाठवलं की मी असं म्हणत नाही, पण राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नाही, आणि बुद्धाच्या "अक्कोधेन जिने कोधं" (राग न करता रागाला जिंकावं) यापेक्षा मला श्रीकृष्णाचं "ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्" (जो मला जसा भजतो त्याला मी तसाच पावतो) हे जास्त भावतं. दोन्ही मार्ग सारखेच प्रामाणिक, पण एक या जगाला जास्त लागू पडतो, असंही पुढे म्हणाले. गांधींनी पत्र छापलं आणि खाली उत्तर दिलं की जग साधूंसाठी नाही असं समजणं हा मनाचा आळस आहे, आणि "शठं प्रति शाठ्यम्" च्या जागी माझं "शठं प्रत्यपि सत्यम्". लबाडाशीही सत्यानेच वागायचं. आता एवढ्या मोठ्या राजकीय मतभेदात दोघंही गीता आणि धम्मपद काढून बसलेत हे आजच्या टीव्हीवरच्या डिबेटला तुम्ही कल्पून बघा.

टिळकांना बॉम्बवाले म्हणायची जी सवय लागलीय ना तीही अर्धवट आहे. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकीने बॉम्ब टाकला, त्यावर 'केसरी'त टिळकांनी जे लिहिलं त्याचा रोख असा की हे वाईट झालं पण हे तुमच्या दडपशाहीचं फळ आहे, आणि आणखी दडपशाही केलीत तर "हे उपाय टिकाऊ नाहीत". एवढ्यावर सहा वर्षं मंडाले. म्हणजे हात त्यांनी बॉम्बला लावला नाही आणि बॉम्बवाल्या पोरांना झटकूनही टाकलं नाही. ही मधली जागा त्यांची खास होती. गांधींना ती कधी जमली नाही, ते दर वेळी स्पष्ट निषेध करायचे आणि शिव्या खायचे.

आणि योगायोग बघा, १ ऑगस्ट १९२० ला असहकार सुरू झाला आणि त्याच दिवशी पहाटे मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. दोन वर्षांनी अहमदाबादला गांधींवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती ब्रूमफील्डने टिळकांना झाली होती तेवढीच, सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळकांचं नावही घेतलं. गांधी म्हणाले की त्यांच्या नावाशी माझं नाव जोडलं गेलं हा मी माझा मोठा सन्मान मानतो.

प्रश्न (पिंपरी): फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की चौरीचौरानंतर गांधींनी आंदोलन मागे घेतलं नसतं तर १९२२ मध्येच स्वातंत्र्य मिळालं असतं. काय उत्तर देऊ?

उत्तर: फॅमिली ग्रुपवर काही उत्तर देऊ नका, दिवाळीला भेटायचं असतं. पण तुम्हाला सांगते.

गोरखपूर जिल्ह्यातलं चौरीचौरा, फेब्रुवारी १९२२ ची सुरुवात. बाजारात निदर्शनं करणाऱ्या स्वयंसेवकांना पोलिसांनी मारलं, त्यांत भगवान अहीर नावाचा सैन्यातून परतलेला माणूस होता. त्याचा जाब विचारायला मोठा जमाव ठाण्यावर गेला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं पडली, गोळ्या संपल्या, पोलीस ठाण्यात घुसले आणि जमावाने ठाणं पेटवलं. २२-२३ पोलीस मेले. आणि जमाव घोषणा देत होता महात्मा गांधी की जय! ही गोष्ट गांधींना सगळ्यात जास्त लागली असणार असं मला वाटतं. गांधी त्या वेळी बारडोलीला होते, व्हाइसरॉय रीडिंगला सात दिवसांची मुदत देऊन बसले होते, आता सामूहिक कायदेभंग सुरू होणार एवढ्यात ही बातमी. १२ फेब्रुवारीला सगळं थांबवलं आणि स्वतः पाच दिवस उपास केला.

तुरुंगात असलेले लोक संतापले. चित्तरंजन दास, मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय, कुणालाच पटलं नाही. तरुण सुभाषबाबू दासांबरोबरच तुरुंगात होते, त्यांनी पुढे याला राष्ट्रीय आपत्ती म्हटलं. मोतीलालजी आणि लालाजींनी आतून लांबलचक पत्रं लिहिली, एका गावाच्या चुकीची शिक्षा अख्ख्या देशाला का म्हणून. गांधींनी काय उत्तर द्यावं? म्हणाले, तुरुंगात गेलेला माणूस नागरी दृष्टीने मेलेला असतो, त्याने बाहेरच्यांना सल्ला द्यायचा नसतो. असं उत्तर मला कुणी दिलं असतं तर मी पण स्वराज्य पक्ष काढला असता, आणि दास-मोतीलालजींनी काढलाच, १९२३ च्या १ जानेवारीला.

पण गांधींच्या बाजूने एक सांगायला हवं, फॉरवर्डवाले ते सोडतात. त्यांच्यासाठी हे पहिलं नव्हतं, तिसरं होतं. १९१९ मध्ये रौलट कायद्याच्या वेळी अहमदाबादला दंगा झाला तेव्हा ते म्हणाले माझी हिमालयाएवढी चूक झाली. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, बहिष्काराचं आंदोलन होतं, आणि आमच्याच लोकांनी पारशी, ख्रिश्चन, जो कुणी स्वागताला गेला त्याला मारलं, पन्नासच्या वर माणसं मेली, गांधी तेव्हा मुंबईतच होते, डोळ्यांनी बघितलं. स्वराज्याची मला दुर्गंधी येतेय असं काहीतरी म्हणाले. म्हणून चौरीचौराची तार आली तेव्हा त्यांनी एक गाव नाही बघितलं, पुढचे शंभर गाव बघितले. आणि बळी कोण गेलं तेही फॉरवर्डमध्ये नसतं: चौरीचौराच्या १७२ जणांना सेशन कोर्टाने फाशी सुनावली होती, मदनमोहन मालवीय हायकोर्टात उभे राहिले, शेवटी १९ जण फासावर गेले. ती माणसं ना गांधींच्या यादीत राहिली ना क्रांतिकारकांच्या, कित्येक वर्षं कुणाचीच नव्हती.

आता माझं मत विचाराल तर थांबवणं बरोबर होतं, पद्धत चुकीची होती. कुणाला विचारलं नाही, लोकांना करायला दुसरं काही दिलं नाही, चरखा चालवा म्हणून सांगितलं. आणि मला वाटतं हे त्यांनाही कळलं होतं, कारण १९३० चं बघा. मिठाचा सत्याग्रह सुरू करतानाच त्यांनी सांगून ठेवलं की यावेळी कुठे तुरळक काही झालं तरी शेवटचा सत्याग्रही उरेपर्यंत चळवळ थांबणार नाही. आणि झालंच की! १८ एप्रिलला चितगावचा शस्त्रागारावरचा हल्ला. मे महिन्यात आपल्या सोलापुरात गांधींच्या अटकेनंतर लोक उसळले, पोलीस चौक्या आणि कोर्ट जाळलं, सरकारला मार्शल लॉ लावावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. चळवळ थांबली का? नाही. म्हणजे आठ वर्षांत गांधींची अहिंसासुद्धा बदलली. तत्त्व तेच, पण दुसऱ्याच्या हिंसेची जबाबदारी किती स्वतःवर घ्यायची याचं माप बदललं.

प्रश्न (फलटण, माजी सैनिक): आमच्या पलटणीत एकजण सांगायचा की गांधीजींनी स्वतः सैन्यभरतीसाठी प्रचार केला होता. खरं की काय?

उत्तर: शंभर टक्के खरं. १९१८, पहिलं महायुद्ध. व्हाइसरॉयच्या दिल्लीच्या परिषदेला गेले, पाठिंबा दिला, आणि मग खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडले, सैन्यात भरती व्हा सांगत. बरोबर वल्लभभाई. गंमत म्हणजे त्याआधी काही महिनेच त्याच खेडा जिल्ह्यात सारा-बंदीचा सत्याग्रह झाला होता, तेव्हा लोक फुकट बैलगाडी देत होते, जेवू घालत होते. भरतीसाठी गेले तर पैसे देऊनही गाडी मिळेना! लोक तोंडावर विचारायचे, तुम्ही अहिंसावाले ना, मग आम्हाला बंदूक घ्या कशाला सांगता? भरती जवळजवळ झालीच नाही, गांधी मात्र आजारी पडले, अतिसाराने मरता मरता वाचले.

त्यांचं म्हणणं असं की ज्याला मारता येतच नाही त्याने न मारण्यात मोठेपणा कसला. भित्रा माणूस अहिंसक नसतो, तो भित्राच असतो. १९२० मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की भ्याडपणा आणि हिंसा यातलंच एक निवडायचं असेल तर मी हिंसा निवडायला सांगेन. तुम्ही सैनिक आहात, तुम्हाला हे पटेल. मला स्वतःला १९१८ चं ते प्रकरण आजही नीट पचत नाही. आणि १९४७ ला काश्मीरमध्ये फौज उतरली तेव्हाही त्यांनी विरोध केला नव्हता, हे तुमच्या त्या पलटणवाल्याला सांगा, त्याला आणखी एक मुद्दा मिळेल.

प्रश्न (राजगुरुनगर): आमच्या गावचं नाव राजगुरूंवरून. गांधी आणि भगतसिंग-राजगुरू हे एकमेकांचे शत्रूच होते ना?

उत्तर: शत्रू नाही हो. भांडण होतं, आणि ते छापील भांडण होतं, वाचता येतं. २३ डिसेंबर १९२९ ला दिल्लीजवळ व्हाइसरॉय आयर्विनच्या गाडीखाली बॉम्ब फुटला, तो वाचला. लाहोरच्या काँग्रेसमध्ये गांधींनी निषेधाचा ठराव आणला, तो पास झाला पण विरोधात बरीच मतं पडली. मग गांधींनी 'यंग इंडिया'त बॉम्बच्या पंथावर टीका करणारा लेख लिहिला. त्याला क्रांतिकारकांनी उत्तर छापलं, 'बॉम्बचं तत्त्वज्ञान' अशा अर्थाच्या नावाचं, २६ जानेवारी १९३० ला वाटलं. लिहिणारे मुख्यतः भगवतीचरण व्होरा, जे चारच महिन्यांनी रावीच्या काठी बॉम्बची चाचणी घेताना गेले. त्यांचा एक मुद्दा झोंबणारा आहे: गांधींनी खेड्यापाड्यात दर्शन दिलं असेल, पण शेतकऱ्याच्या शेकोटीजवळ बसून त्याला काय वाटतं हे कधी विचारलंय का?

पण दुसरीकडे भगतसिंगांनी तुरुंगात जे हत्यार वापरलं ते कुठलं? उपोषण. त्यांचे साथी जतीन दास ६३ दिवस उपाशी राहून १३ सप्टेंबर १९२९ ला गेले. आणि फाशीच्या दीड महिना आधी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, तरुण कार्यकर्त्यांसाठी भगतसिंगांनी लिहिलं की मी दहशतवादी नाही, सुरुवातीचा काळ सोडला तर कधी नव्हतो, आणि त्या मार्गाने आपल्याला काही मिळणार नाही अशी माझी खात्री आहे, शेतकरी-कामगारांची संघटना करा. हे वाक्य पोस्टरवर कधी दिसत नाही. पिस्तूलच दिसतं.

फाशीनंतर कराचीला काँग्रेस भरली तर पोरांनी गांधींना काळी फुलं दिली. तिथे जो ठराव झाला, कुठल्याही प्रकारच्या राजकीय हिंसेपासून आम्ही अलग आहोत पण या तिघांच्या शौर्याचं आणि त्यागाचं कौतुक करतो, तो मसुदा गांधींचा आणि मांडला नेहरूंनी. "पण" च्या आधीचं अर्धं तरुणांना नको होतं, नंतरचं अर्धं इंग्रजांना.

सुभाषबाबूंवर तीन पत्रं आहेत, एकातच उरकते. १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गांधींशी फाटलं ते हिंसा-अहिंसेवरून कमी आणि इंग्रजांना निर्वाणीचा इशारा आत्ताच द्यायचा की नाही यावरून जास्त. आझाद हिंद फौज उभी केली तेव्हा एका ब्रिगेडला नाव गांधींचं दिलं, आणि ६ जुलै १९४४ ला रंगूनहून रेडिओवर गांधींना राष्ट्रपिता म्हणून आशीर्वाद मागितला. मार्ग चुकला असं गांधी म्हणत राहिले, देशभक्तीबद्दल मात्र एक शब्द वावगा काढला नाही.

प्रश्न (महाड): या सगळ्या चर्चेत बाबासाहेब कुठे बसतात?

उत्तर: बसत नाहीत, वेगळे उभे राहतात. तुमच्याच गावातलं घ्या. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, आणि नंतर देवळात घुसणार अशी अफवा उठवून सवर्णांनी परिषदेला आलेल्या लोकांना गाठून गाठून मारलं. परिषदेला आलेल्यांत सैन्यात नोकरी केलेले कितीतरी होते, त्यांनी मनात आणलं असतं तर महाडचं चित्र वेगळं दिसलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. गांधींनीही नंतर 'यंग इंडिया'त या संयमाचं कौतुक केलं, आणि डिसेंबरच्या परिषदेत मंडपात फोटो लागला होता तो गांधींचा, हे आज सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. तळ्याचा हक्क कोर्टात मिळायला मात्र १९३७ उजाडलं.

पण पाच वर्षांनी, सप्टेंबर १९३२, येरवड्यात गांधींनी दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध उपोषण धरलं तेव्हा बाबासाहेबांना जो अनुभव आला त्याला अहिंसा कसं म्हणायचं? एका माणसाचा जीव गेला तर गावोगावच्या दलित वस्त्यांवर काय ओढवेल हे दिसत असताना पुणे करारावर सही करायची, हा दबावच. उपोषण करणारा स्वतःलाच त्रास देतो हे अर्धंच खरं आहे. मला वाटतं गांधींच्या अहिंसेवरचा सगळ्यात नेमका आक्षेप क्रांतिकारकांचा नव्हताच, हा होता. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेब म्हणाले की सनदशीर मार्ग मोकळे असताना आता रक्तरंजित क्रांतीही सोडा आणि कायदेभंग, असहकार, सत्याग्रहही सोडा, हे अराजकाचं व्याकरण आहे. दोन्ही एकाच दमात, एकाच ओळीत! दोन्ही बाजूंचे भक्त त्या भाषणातलं सोयीचं तेवढं उचलतात.

प्रश्न (फोंडा, गोवा): आमच्याकडे सत्याग्रहही झाला आणि शेवटी लष्करही आलं. मग नेहरूंची अहिंसा कुठली?

उत्तर: वर लातूरच्या मुलीला सांगितली तीच, धोरणवाली. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सुरुवात केली, गांधींनी त्यांची बाजू घेतली. १९५५ मध्ये महाराष्ट्रातून नानासाहेब गोरे, सेनापती बापट वगैरे तुकड्या घेऊन गेले, १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसच्या वर माणसं गेली. आणि नेहरूंनी काय केलं तर फौज पाठवायची नाहीच, वर सत्याग्रहही बंद करायला लावला. आझाद गोमंतक दलवाले सशस्त्र मार्गाने जात होते त्यांनाही दिल्लीची साथ नव्हती. सहा वर्षांनी, १८-१९ डिसेंबर १९६१, तेच नेहरू, छत्तीस तासांत काम फत्ते. अमेरिकेने टोमणे मारले. तुमच्या आजोबांच्या पिढीला वाटतं ते मला रास्त वाटतं, की १९५५ लाच का नाही.

प्रश्न (वाळवा तालुका, सांगली): माझे आजोबा पत्री सरकारात (४२ नंतरच्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारात) होते. शेवटपर्यंत खादी वापरली, घरात गांधींचा फोटो. पण पायाला पत्री ठोकायचे ते हेच ना? मग आजोबा गांधीवादी की क्रांतिकारक? शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मुलाला काय लिहायला सांगू?

उत्तर: हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. मी स्वतः त्याच बाजूची, आमच्या गल्लीत असे दोन म्हातारे होते, सकाळी सूत कातायचे आणि संध्याकाळी पारावर बसून रेल्वे कशी लुटली ते सांगायचे. लहानपणी यात काही विसंगत आहे असं आम्हाला वाटलंच नाही.

सुरुवात अहिंसेनेच झाली होती. ऑगस्ट ४२ नंतर तुमच्या भागात तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, हातात झेंडा, दुसरं काही नाही. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर, तिथेही गोळीबार. त्यानंतर भूमिगत झालेल्या पोरांनी ठरवलं की मोर्चा पुरे. नाना पाटील, नागनाथअण्णा, जी. डी. बापू लाड, किसन वीर ही सगळी मंडळी. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, पुढच्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला सरकारी खजिना. गावगुंड, खबरे, लुबाडणारे सावकार यांना शिक्षा, तळपायावर मार, पत्री म्हणतात ती तीच. पण त्याच सरकारने न्यायमंडळं चालवली, दारूबंदी केली, आणि कमी खर्चात लग्नं लावली, त्या लग्नांना नाव काय होतं माहितीये? गांधी विवाह.

गांधींना हे पटलं असतं का? नसतंच. मे १९४४ ला आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना सांगितलं की लपणं माझ्या अहिंसेत बसत नाही, बाहेर या. अरुणा असफअलींना जूनमध्ये चिठ्ठी लिहिली, तुमच्या धैर्याचं मला फार कौतुक आहे, तुम्ही हाडांचा सापळा झालाय, बाहेर या, स्वतःला पकडून द्या आणि तुमच्यावर जे बक्षीस लावलंय ते घेऊन हरिजन कार्याला द्या! त्या आल्या नाहीत, वॉरंट उठल्यावर १९४६ मध्येच आल्या. नाना पाटीलही ४६ पर्यंत बाहेर आले नाहीत. आणि तरी सरकारला जेव्हा गांधींकडून ४२ च्या हिंसाचाराचा निषेध हवा होता तेव्हा त्यांनी तो एकतर्फी दिला नाही, उलट व्हाइसरॉयला सुनावलं की लोकांना वेडं तुम्ही केलंत, तुमची हिंसा सिंहाची आहे, आणि फेब्रुवारी ४३ मध्ये २१ दिवस उपास केला. १९२२ चे गांधी असे वागले असते असं मला वाटत नाही.

तर प्रोजेक्टमध्ये "गांधीवादी की क्रांतिकारक" हा रकानाच भरू नका, शाळेने दिला असला तरी. आजोबांचा खादीतला फोटो लावा, खाली त्यांनी काय काय केलं ते लिहा, न्यायमंडळ, गांधी विवाह, आणि पत्रीही, ती गाळू नका. आणि कुंडलला अजून त्या वेळची माणसं ओळखणारे कुणी वयस्कर असतील तर मुलाला एक रविवार तिकडे घेऊन जा. मोबाइल चार्ज करून न्या, रेकॉर्ड करायला. आमच्या गल्लीतल्या त्या दोघांचं मी काहीच लिहून ठेवलं नाही.